आरएक्स हंड्रेड, उद्यमनगर आणि मी स्टुटगार्टात

परदेशात राहणाऱ्या माणसाची गावाकडची गाडी बंद पडली की सगळ्यांकडून एकच सल्ला मिळतो, विकून टाक. त्यात गाडी यामाहा आरएक्स हंड्रेड असली तर गिऱ्हाइकंही दारात उभी असतात. १९८५ ला ही गाडी भारतात आली, १९९६ ला बनायची बंद झाली, आणि कोल्हापुरात तिचा भाव उतरल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. आमच्या आबांची गाडी १९९२ ची. पाटबंधारे खात्याच्या नोकरीत त्यांनी तिच्यावरून राधानगरी, काळम्मावाडी, गगनबावडा सगळं पालथं घातलं. विकायचा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता तो वेगळाच: मी स्टुटगार्टात, गाडी शाहूपुरीत, आणि मिस्त्रीशी बोलायचं ते फोनवरून.

ते जमायला बराच काळ गेला. माझ्यासारखे पुष्कळ जण आहेत ज्यांची एखादी गाडी घरी ताडपत्रीखाली उभी आहे आणि जे वर्षाकाठी सुट्टीला आले की किक मारून बघतात, हळहळतात आणि परत जातात. त्यांच्यासाठी हे जरा सविस्तर लिहितोय.

जुलै २०२१ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी, ती नदीनं केव्हाच ओलांडली होती. २०१९ चा अनुभव ताजा होता म्हणून घरच्यांनी धान्य, कागदपत्रं, फ्रीज वरच्या मजल्यावर चढवलं आणि सगळे राजारामपुरीत आत्याकडं गेले. गाडी जिन्याखाली राहिली. पाणी टाकीच्या वर गेलं आणि काही दिवस तिथंच थांबलं. ओसरल्यावर चुलतभावानं पाइप लावून गाळ धुतला, गाडी उन्हात वाळवली आणि तिच्यावर ताडपत्री टाकली. गावभर गाड्या भिजलेल्या, प्रत्येक गॅरेजसमोर रांग. रोजच्या पोटापाण्याच्या गाड्या आधी, हे बरोबरच होतं. आमची मागं पडली ती पडलीच.

पुरात बुडालेली टू-स्ट्रोक गाडी उभी ठेवण्यातला धोका तेव्हा घरात कुणाला माहीत नव्हता. फोर-स्ट्रोक इंजिनात खाली ऑइल भरलेलं असतं, ते दोन-तीनदा बदललं की बरंचसं पाणी निघून जातं. आरएक्सच्या क्रँकखाली, म्हणजे पिस्टनची वर-खाली हालचाल गोल फिरवणाऱ्या दांड्याखाली, ऑइल साठलेलंच नसतं. पेट्रोलबरोबर टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकसाठीच्या ऑइलची जी बारीक वाफ आत येते, तिच्यावरच क्रँकची बेअरिंगं आणि पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड जगतात. गिअर ऑइलचा कप्पा वेगळा. त्यामुळं एअर फिल्टरमधून किंवा सायलेन्सरमधून पाणी क्रँककेसमध्ये उतरलं की ते तिथंच बसतं. ते काढायला खाली नटही नाही. वरून गाडी चकाचक दिसते आणि आत बेअरिंगला गंज चढत असतो.

आबांनी एकदा फोनवर सहज विचारलं, "गाडीचं काय करूया?" त्यांच्या आवाजात जे होतं त्यावरून मी ठरवलं, आता हे काम लावायचंच.

पहिलं गॅरेज चुलतभावाच्या मित्रानं सुचवलं. बोलणं व्हॉट्सअॅपवर. मी विचारायचो, तिकडून उत्तर यायचं, "होऊन जाईल सर, टेन्शन घेऊ नका." फुल इंजिन काम करतो म्हणाले, रक्कम सांगितली, मी पाठवली. भारतातला जुना नंबर मी रोमिंगवर चालू ठेवलाय, यूपीआय त्यावरच चालतं. त्यामुळं पैसे पाठवणं ही या सगळ्यातली सर्वांत सोपी गोष्ट होती. पंधरवड्यानं धुतलेल्या, पॉलिश मारलेल्या गाडीचे फोटो आले आणि एक छोटा व्हिडिओ. आबा शेजारी उभे होते. गाडी चालू झाली, तो आवाज ऐकून माझ्या बायकोनंही स्वयंपाकघरातून विचारलं, "आबांची गाडी का?"

चुलतभाऊ तिला गगनबावडा रोडनं जरा लांब घेऊन गेला. बालिंग्याच्या पुढं चालत्या गाडीचं मागचं चाक एकदम धरलं. त्यानं क्लच दाबला म्हणून तो पडला नाही. इंजिन जाम.

इथून पुढचे काही आठवडे माझ्या डोक्याला जो ताप झाला, तो लांब राहणाऱ्यालाच कळेल. गॅरेज म्हणालं, "पोरानं जोरात पळवली. नवीन पिस्टन, पहिले पाचशे किलोमीटर सांभाळून चालवायची असते." चुलतभाऊ म्हणाला, "दादा, चाळीसच्या वर न्हाई गेलो." दोघांपैकी कुणावर विश्वास ठेवायचा हे ठरवायला माझ्याकडं काहीच नव्हतं. जुना पिस्टन कुठाय म्हणून विचारलं तर टाकून दिला. सिलिंडर कोणत्या मापाला बोर केला, म्हणजे आतून कापून किती मोठा केला, पिस्टन कोणत्या कंपनीचा, खालचं इंजिन, म्हणजे क्रँकचा भाग, उघडलं होतं का, एकाही प्रश्नाला सरळ उत्तर नाही. बिलावर एकच ओळ होती, इंजिन काम. मी गावात असतो तर गॅरेजच्या दारात उभं राहून पिस्टन हातात घेतला असता. पिस्टनवर ओरखडे कुठल्या बाजूला उठलेत यावरून निम्मी गोष्ट कळते. लांबून ते शक्य नव्हतं, आणि घरात मात्र भाऊ गुन्हेगारासारखा गप्प बसायला लागला. गाडीपेक्षा मला त्याचं वाईट वाटलं.

जर्मनीत माझ्याकडं एक जुनी होंडा आहे. दर दोन वर्षांनी तिची सरकारमान्य तपासणी होते, पास झाली तर नंबरप्लेटवर गोल स्टिकर मिळतो, नाही तर रस्त्यावर आणता येत नाही. त्यामुळं इथल्या गॅरेजशी माझा नियमित संबंध येतो. वेळ आधी घ्यावी लागते, वसंत ऋतूत तर ती महिन्याभरानं मिळते, कारण हिवाळ्यात गाड्या झाकून ठेवलेले सगळे जण एकदम जागे होतात. मजुरी तासाला शंभर युरोच्या आसपास. इतक्या मजुरीत बिघडलेली वस्तू दुरुस्त करत बसणं परवडतच नाही, म्हणून ती अख्खी बदलतात. मला हे फारसं आवडत नाही. पण दोन गोष्टी त्यांच्याकडून घेण्यासारख्या आहेत. कामाआधी काय करणार याचा लेखी अंदाज मिळतो, आणि माझ्या गॅरेजमध्ये जुने काढलेले पार्ट खोक्यात घालून समोर ठेवतात. काय काढलं, का काढलं, ते तुम्ही बघायचं.

मग मी ठरवलं की पुढच्या मिस्त्रीला किती पैसे, किती दिवस हे नंतर विचारायचं. आधी विचारायचं ते माप. आणि जुना पार्ट टाकायचा नाही, हे पहिल्याच दिवशी बोलून घ्यायचं.

असा मिस्त्री शोधायला कोल्हापुरासारखं गाव नाही, हे मी अभिमानानं सांगतो. शिवाजी उद्यमनगरात अजून अशा गल्ल्या आहेत जिथं एका दारात लेथ, पुढच्या दारात बोरिंग मशिन, त्याच्या समोर ग्राइंडिंग, पलीकडं वेल्डिंग. शेतीच्या ऑइल इंजिनांच्या कामावर या गावाचे हात तयार झाले. आज शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या एमआयडीसीतल्या फौंड्र्यांचं कास्टिंग परदेशी जातं, पण शेतातलं इंजिन बंद पडलं तर ते दुरुस्तच करायचं, हा संस्कार उद्यमनगरात टिकून आहे. आमच्या शेजारचे एक जण फौंड्रीत पॅटर्न शॉपला होते. त्यांनी एका म्हाताऱ्या मिस्त्रीचा नंबर दिला आणि बजावलं, "सकाळी फोन करू नको, त्येला राग येतो."

संध्याकाळी सातनंतरची वेळ ठरली. उन्हाळ्यात आमच्यात आणि भारतात साडेतीन तासांचा फरक असतो, म्हणजे माझ्याकडं दुपारचे साडेतीन. ऑफिसातून जिन्यात येऊन मी फोन लावला.

"पावनं, पुरात पाणी कुठवर हुतं?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

"टाकीच्या वर, मामा."

"आणि पयल्या मिस्त्रीनं खालचं इंजिन खोललं हुतं?"

"नसावं. बिलात तरी दिसत नाही."

"मग जाम हुणारच की ओ. वरनं रंगवून काय हुतंय."

खर्च विचारला तर म्हणाले, "खोलल्याबिगर कसं सांगू? उगंच तोंडाला यील त्यो आकडा सांगायचा आणि मग वाढवत न्यायचा, ते आपल्याला जमत न्हाई." मी एवढंच म्हणालो की मामा, जे काढाल ते ठेवा, आणि जे मोजाल ते मला दाखवा. त्यावर क्षणभर काही आवाज आला नाही. मला वाटलं दुखावले. मग म्हणाले, "असं इचारणारं गिऱ्हाईक पायजेच की. न्हाईतर मोजायचं कुणासाठी?"

पहिल्या गॅरेजनं पाठवलेला व्हिडिओ मी त्यांना पाठवला. त्यांनी तो कानाला लावून ऐकला, बघितला नाही. ॲक्सिलरेटर सोडल्यावरही इंजिनचा आवाज लगेच खाली येत नव्हता, जरा रेंगाळून उतरत होता. मी शंभरदा ऐकूनही ते मला जाणवलं नव्हतं. मामा म्हणाले, "कुठनं तरी हवा घेतीया." क्रँकच्या दोन्ही टोकांना ऑइल सील असतात. मॅग्नेटच्या बाजूचं सील कडक झालं की तिथून फुकटची हवा आत जाते, पेट्रोल आणि ऑइलचं प्रमाण कमी पडतं, इंजिन तापतं. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर गिअर ऑइल आत ओढलं जातं आणि सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचा लोट येतो. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या आरएक्सची ही दोन सीलं न बदलता नुसता पिस्टन बदलणं म्हणजे पैसे पाण्यात.

इंजिन उघडलं त्या दिवशी चुलतभावानं मोबाईल बाकड्यावर डब्याला टेकवून ठेवला होता. मामांनी क्रँक फडक्यानं पुसला, एका हातात धरला आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी कनेक्टिंग रॉड आधी आडवा हलवला. तो थोडा सरकला. "हे चालतंय, एवढं लागतंयच." मग रॉड सरळ वर ओढला आणि खाली दाबला. बारीकसा टिक आवाज आला, फोनवरही ऐकू आला. "आडवं हललं तर चालतंय, उभं हललं की संपलं." त्यांनी बेअरिंग फिरवून कॅमेऱ्यासमोर धरलं, गोळ्यांवर तपकिरी डाग होते. क्रँककेसच्या कोपऱ्यात स्क्रू ड्रायव्हरचं टोक फिरवून त्यांनी राखाडी चिखल काढला आणि वर्तमानपत्राच्या कागदावर ठेवला. पंचगंगेचा गाळ, पुरानंतर इतक्या दिवसांनी. सीलच्या ओठावर नखानं दाबून दाखवलं. रबर दबतच नव्हतं.

तरीही त्यांचं समाधान झालं नव्हतं. "हे सगळं खराब हाय, पण एवढ्या लौकर जाम हुयाला आणि कायतरी पायजे," असं म्हणत ते परत गाडीकडं गेले. उजव्या बाजूच्या कव्हरखाली आरएक्सची टू-टी ऑइलची वेगळी टाकी असते. तिथून पंप ऑइल ओढतो आणि इंजिनला पुरवतो, पेट्रोलमध्ये हातानं मिसळावं लागत नाही. मामांनी त्या टाकीची नळी काढली, खाली पाण्याची रिकामी प्लास्टिक बाटली धरली आणि सगळं तिच्यात उतरवून घेतलं. बाटली बाकड्यावर ठेवली आणि म्हणाले, चहा पिऊन येऊ. परत आले तेव्हा बाटलीत वर ऑइल आणि खाली तळाशी चांगला दोन बोटं पाण्याचा थर.

पुराचं पाणी झाकणातून त्या टाकीत गेलं होतं. पाणी जड, ऑइल हलकं, म्हणून पाणी तळाशी. पंपाची नळी तळाशीच. पहिल्या गॅरेजनं वरून नवीन ऑइल ओतलं होतं, डोकावून बघितलं तर टाकी भरलेली दिसते, पण पंप ओढत होता ते पाणी. नवा पिस्टन ऑइलशिवाय चालला आणि चिकटला. गाडी चाळीसनं चालवली काय आणि ऐंशीनं काय, ती जाम होणारच होती.

मी चुलतभावाला म्हणालो, बाटली हातात धरून फोटो काढ आणि आबांना दाखव. त्यानं फोटो काढला, पण आबांना आधीच सगळं सांगून झालं होतं. त्या संध्याकाळी तो माझ्याशी बऱ्याच दिवसांनी मोकळेपणानं बोलला.

पुढचं काम निवांत चाललं. मामांकडं एका वेळी दोन-तीनच गाड्या असतात आणि ते कुणाची घाई ऐकून घेत नाहीत. मीही घाई केली नाही. लांबून रोज फोन करून "झालं का?" विचारणाऱ्या गिऱ्हाइकाचं काम मिस्त्री कसंतरी उरकून टाकतो, असं माझं मत झालं आहे. मी आठवड्यातून एकदा, ठरल्या वेळी फोन करायचो. पार्टचे पैसे आधी, मजुरी काम झाल्यावर, हेही ठरलेलं.

पार्ट मिळवणं ही मात्र मोठी कटकट. आरएक्सच्या नावानं बाजारात मिळणाऱ्या वस्तूंची खोकी एकसारखी छापलेली, आत काय असेल सांगता येत नाही. सीलं इथून पाठवावी असं मला वाटलं होतं. पण परदेशातून येणाऱ्या भेटवस्तूंवरची सीमाशुल्काची सवलत डिसेंबर २०१९ मध्ये बंद झाली, राखी आणि जीवरक्षक औषधं तेवढी सुटली. रबराच्या दोन चकत्यांवर शुल्क भरून वर कागदपत्रांचा घोळ कोण करत बसणार? मामांनी ओळखीच्या दुकानातून दोन-तीन जोड आणून घेतले, प्रत्येकाचा ओठ वाकवून, माप घेऊन एक ठेवला, बाकीचे परत केले. कनेक्टिंग रॉडच्या किटचंही तेच. दुकानदारानं परत घेतले, कारण गिऱ्हाईक मामा होते. मी गेलो असतो तर घेतले नसते.

बोरिंगचं काम बघण्यासारखं होतं. आरएक्सच्या सिलिंडरचं मूळ माप ५० मिलिमीटर. घासला की पाव-पाव मिलिमीटरनं वाढवत जायचं: ५०.२५, ५०.५०, ५०.७५ आणि शेवटी ५१. पहिल्या गॅरेजनं तो ५०.५० ला नेलेला निघाला. आता त्याच्यावर ओरखडे, म्हणजे ५०.७५. पुढं एकच बोर शिल्लक. बोरिंगवाला आधी सिलिंडर ठेवून जा म्हणत होता. मामांनी दिला नाही. "आधी पिस्टन आणतो, त्यो मोजायचा, मग त्येच्या मापानं बोर करायचा. खोक्यावरच्या आकड्यावर इश्वास ठेवायचा न्हाई." पिस्टन आणि सिलिंडरमध्ये चार-पाच शतांश मिलिमीटर फट हवी. जास्त झाली तर पिस्टन खडखडतो, कमी झाली तर तापून चिकटतो. मायक्रोमीटरवरचा आकडा फोटोत नीट येईना म्हणून त्यांनी खडूनं सिलिंडरच्या फिनांवरच लिहिला आणि मग फोटो पाठवला.

बोर करून झाल्यावर आणखी एक काम असतं जे कित्येक ठिकाणी होत नाही. टू-स्ट्रोक सिलिंडरच्या भिंतीला पोर्टची भोकं असतात, पिस्टनच्या रिंगा त्यांच्यावरून वर-खाली जातात. ताज्या बोरनंतर त्या भोकांच्या कडा पात्यासारख्या धारदार राहतात आणि रिंग अडकून तुटू शकते. मामा बारीक कानस आणि पॉलिश पेपर घेऊन प्रत्येक पोर्टची कड अंगठा फिरवत, तपासत मारत होते. त्याचे वेगळे पैसे त्यांनी लावले नाहीत. मला सांगितलंही नाही, चुलतभावानं व्हिडिओ काढला म्हणून कळलं.

क्रँकमध्ये नवीन रॉड प्रेसवर बसवला आणि मग तो सरळ करायचा होता. दोन टोकांना आधार देऊन क्रँक हळूहळू फिरवायचा, डायलचा काटा बघायचा, जिथं काटा जास्त जातो तिथं तांब्याच्या हातोड्यानं एक ठोका. परत फिरवायचा. "काटा तीन घरांच्या आत पायजे," मामा म्हणाले. एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. ज्या माणसाला चष्म्याशिवाय मोबाईलवरचं नाव वाचता येत नाही, तो हातोड्याच्या ठोक्यानं तीन शतांश मिलिमीटरचं काम करतो. मी इंजिनिअर आहे, मोजमापाच्या मशिनी बनवणाऱ्या कंपनीत काम करतो, आणि मला त्या कामापुढं हात जोडावेसे वाटले.

या सगळ्याची मजुरी इथल्या गॅरेजच्या एका तासाच्या मजुरीपेक्षा कमी झाली. हे स्वस्त पडलं म्हणून मी आनंदानं सांगत नाही, मला याचं वाईट वाटतं. जास्त पाठवले तर त्यांनी चुलतभावाच्या हाती परत केले. "ठरल्यापेक्षा जास्त कशाला?" त्यांचा मुलगा एमआयडीसीत सीएनसीवर आहे, त्याला महिन्याला ठरलेला पगार मिळतो आणि तो या दुकानात येणार नाही. त्यानं यावं असं मामांनाही वाटत नाही. परदेशातल्या आपल्या लोकांना मी एवढंच सांगीन की अशा मिस्त्रीशी घासाघीस करू नका, आणि पैसे एक दिवसही थकवू नका.

गाडी चालू झाली तेव्हा पहिल्या टाकीला त्यांनी पंप असूनही पेट्रोलमध्ये वेगळं टू-टी ऑइल घातलं. पंपाच्या नळीतली हवा काढली होती, पण पंप नीट पुरवतोय याची खात्री होईपर्यंत हा विमा. पेट्रोलबद्दलही आबांना बसवून समजावलं. आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. आपल्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांना त्याचा आधार आहे आणि मी त्याच्या विरोधात नाही. पण इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं आणि जुन्या रबराला सोसत नाही. रोज फिरणाऱ्या गाडीला फरक पडत नसेल, उभ्या राहणाऱ्या जुन्या गाडीला पडतो. जर्मनीत पंपावर ५ टक्क्यांचं आणि १० टक्क्यांचं अशी दोन्ही पेट्रोलं शेजारी शेजारी मिळतात, जुन्या गाडीवाले ५ चं घेतात. भारतात सहसा तशी निवड नाही. म्हणून मामांनी पेट्रोलच्या नळ्या, कार्बोरेटरचे वॉशर नवे टाकले आणि आबांना सवय लावली: आठवडाभर गाडी काढायची नसेल तर घरी आल्यावर कॉक बंद करायचा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल राहत नाही.

दिवाळीला मी गेलो तेव्हा पहिल्यांदा मामांना प्रत्यक्ष भेटलो. फोनवरच्या आवाजावरून वाटलं होतं त्यापेक्षा किरकोळ अंगाचे निघाले. "आलासा व्हय? बसा की." मग बाकड्याखालून तेलाचा एक पत्र्याचा डबा ओढला. त्यात सगळं होतं: जुना रॉड, डाग पडलेली बेअरिंगं, कडक सीलं, ओरखडलेला पिस्टन, प्रत्येक वस्तू वेगळ्या कागदात गुंडाळलेली. पिस्टनवर चारी बाजूंनी सारखे ओरखडे होते. मामा म्हणाले, एका बाजूनं असते तर गोष्ट वेगळी, चारी बाजूंनी म्हणजे ऑइल पोचलंच न्हाई. जाम झाल्यापासून मला बघायचा होता तो हाच पिस्टन.

मी त्यांच्यासाठी जर्मनीहून चांगल्या पोलादाचा फीलर गेजचा, म्हणजे बारीक फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच नेला होता. पैसे परत करणाऱ्या माणसानं तो मात्र घेतला. एकेक पातं उघडून, बोटानं वाकवून बघितलं, जुना संच काढून समोर ठेवला आणि दोन्हीतली पाती एकमेकांवर ताडून बघितली. नव्या संचावर लगेच विश्वास ठेवायचा नाही, हे मला फार आवडलं.

कागदांचं काम अजून चालू आहे. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण लागतं, पुरानंतर ते राहून गेलं होतं. एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांना सक्तीची झालेली नवी नंबरप्लेट बसवून झाली, दुचाकीला ४५० रुपये अधिक जीएसटी. नूतनीकरणासाठी गाडी तपासणीला हजर करावी लागते, आणि ती आबाच नेणार, दुसऱ्या कुणी न्यायची नाही असं त्यांनी जाहीर केलंय. कागद हातात येईपर्यंत ते गल्लीतल्या गल्लीत चालवतात. त्यानंतर ५०० किलोमीटर झाले की इंजिन थंड असताना हेडचे नट पुन्हा आवळायला मामांकडं न्यायची आहे. मागच्या आठवड्यात फोन केला तेव्हा मामांनी मलाच विचारलं, "आबांनी मीटर बघितला का? पाचशेच्या पुढं जाऊ देऊ नका, आधी आणा."